स्प्रिंग चालू असताना डिबगर थांबत नाही, किंवा थांबतो पण ऐकत नाही

रेल्सच्या (रूबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कच्या) टेस्टमध्ये डिबगर, म्हणजे कोड मध्येच थांबवून तपासायचं साधन, लावला की काही ठरावीक तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. प्रॉम्प्ट येतच नाही, टेस्ट हिरवी होऊन मोकळी. किंवा प्रॉम्प्ट येतो, पण भलत्याच खिडकीत. किंवा समोरच येतो, पण टाइप केलेली निम्मी अक्षरं गायब होतात. किंवा सगळं सुरळीत चालतं, आपण कसंबसं बाहेर पडतो आणि त्यानंतरची प्रत्येक टेस्ट नुसती लटकून राहते.

यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे प्राय काढून बायबग टाकायचा (दोन्ही रूबीचे डिबगरच), नाही जमलं तर उलट. क्वचित फरक पडतो, एरवी नाही, कारण दोष डिबगरचा नसतो. तुमचं टर्मिनल आणि टेस्ट चालवणारी प्रोसेस यांच्यामध्ये एक तिसरा बसलेला असतो: अॅप आधीच लोड करून ठेवणारा टेस्ट सर्व्हर, म्हणजे प्रीलोडर (स्प्रिंग, किंवा जुन्या प्रकल्पांत स्पोर्क). म्हणून प्रश्न एकच विचारायचा. ती ओळ नक्की कोणत्या प्रोसेसमध्ये चालते आहे, आणि त्या प्रोसेसचं स्टँडर्ड इनपुट कुठे जोडलेलं आहे? खालचे सगळे उपाय या प्रश्नाच्या उत्तरातूनच निघतात.

(कमांडी आणि व्हेरिएबलची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.)

सगळ्यात आधी हे करा

कमांडच्या आधी डिसेबल_स्प्रिंग=१ लावून तीच टेस्ट तशीच चालवा. डिबगर नीट थांबला आणि नीट ऐकू लागला, तर दोष प्रीलोडरच्या बाजूला आहे. नाही थांबला, तर स्प्रिंगला दोष देऊ नका. समांतर टेस्ट, कॅपिबारा (ब्राउझर चालवून टेस्ट करणारं साधन) किंवा डॉकर (अॅप कंटेनरमध्ये चालवणारं साधन) यांबद्दल खाली लिहिलं आहे तिथे थेट जा.

दुसरी तपासणी: बिन/स्प्रिंग स्टेटस. कोणत्या प्रोसेस जिवंत आहेत आणि कधीपासून, ते दिसतं. पीएसच्या (चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडच्या) यादीतही स्प्रिंग सर्व्हर, स्प्रिंग अॅप अशी नावं येतात, शेजारी टेस्ट मोड की डेव्हलपमेंट मोड हेही येतं. सकाळी सुरू झालेला सर्व्हर संध्याकाळी तसाच असेल आणि मधल्या काळात तुम्ही ब्रँच बदलून जेम (रूबीच्या लायब्ररी) अपडेट केली असतील, तर आणखी विचार करू नका. बिन/स्प्रिंग स्टॉप करा. पुढची कमांड सर्व्हरला आपोआप उठवते, त्यामुळे यात गमावण्यासारखं काही नाही.

मध्ये नेमकं काय घडतं

मोठ्या अॅपमध्ये टेस्टचा बराचसा वेळ रेल्स आणि जेम लोड होण्यातच जातो. प्रीलोडर हे काम एकदा करून ठेवतो आणि दर वेळी त्या तयार प्रोसेसचा फोर्क (जशीच्या तशी नक्कल) काढतो. फोर्क झालेल्या पोराला, म्हणजे नव्या प्रोसेसला, आईबापाची मेमरी मिळते आणि उघडे फाइल डिस्क्रिप्टरही (उघड्या फाइलींचे नंबर) मिळतात. शून्य नंबरचा डिस्क्रिप्टर म्हणजे स्टँडर्ड इनपुट. सर्व्हर तुम्ही दुसऱ्या खिडकीत सुरू केला असेल, तर पोराचं इनपुट त्या खिडकीला जोडलेलं. सर्व्हर पार्श्वभूमीत, डेव्ह/नल (कायम रिकामी असणारी फाइल) लावून सुरू झाला असेल, तर पोराला वाचायला काहीच नाही. पहिल्याच वाचनाला फाइल संपल्याची खूण मिळते.

बायबगला अशी खूण मिळाली की तो तिचा अर्थ 'कंटिन्यू' असा घेतो आणि पुढे निघतो. प्राय कधीकधी 'वाचायला काही उरलं नाही' अशा अर्थाची तक्रार छापून बाहेर पडतो. म्हणजे 'डिबगर थांबतच नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा बरेचदा तो थांबलेला असतो, फक्त इनपुट न मिळाल्यामुळे लगेच पुढे गेलेला असतो. टेस्टच्या आउटपुटमध्ये प्रॉम्प्टचा एखादा तुकडा किंवा आसपासच्या ओळींची यादी दिसली, तर समजा की हाच प्रकार आहे.

स्पोर्क: जुन्या प्रकल्पांसाठी

रेल्स ३ च्या काळातला एखादा प्रकल्प सांभाळत असाल, तर तिथे स्पोर्क भेटेल. त्याची रचना सरळ आहे: एका खिडकीत सर्व्हर, आरस्पेकसाठी पोर्ट ८९८९, क्युकंबरसाठी ८९९० (ही दोन्ही टेस्ट लिहायची साधनं; आरस्पेकमधली टेस्ट म्हणजे स्पेक). दुसऱ्या खिडकीतून --डीआरबी हा पर्याय देऊन टेस्ट चालवायची. स्पेक हेल्परमध्ये दोन ब्लॉक असतात, एक प्रीफोर्क, दुसरा ईच_रन.

गोम अशी की स्पोर्क डीआरबीवरून (एका प्रोसेसमधला रूबी ऑब्जेक्ट दुसरीतून वापरायची सोय) क्लायंटच्या आउटपुटचा ऑब्जेक्ट सर्व्हरकडे पाठवतो, इनपुट पाठवत नाही. त्यामुळे टेस्टचे हिरवे-लाल ठिपके तुमच्या खिडकीत येतात आणि डिबगर मात्र सर्व्हरच्या खिडकीतून वाचतो. त्यातही रीडलाइन (प्रॉम्प्टवर ओळ टाइप करून घेणारी लायब्ररी) थेट डिस्क्रिप्टरवर लिहिते, रूबीच्या आउटपुट ऑब्जेक्टला विचारत नाही. म्हणून प्रॉम्प्ट एका खिडकीत आणि व्हेरिएबलची किंमत दुसऱ्या खिडकीत असंही होतं. टेस्ट 'अडकली' वाटली तर आधी सर्व्हरची खिडकी उघडून पाहा. डिबगर बहुतेक तिथेच तुमची वाट पाहत असतो.

रूबी-डिबग या जुन्या डिबगरसाठी स्पोर्कने स्वतःच एक सोय दिली होती. स्पेक हेल्परच्या अगदी वर, प्रीफोर्क ब्लॉकच्याही आधी, 'स्पोर्क/एक्स्ट/रूबी-डिबग' ही फाइल रिक्वायर करायची. मग पोरात डिबगर थांबला की सर्व्हरची खिडकी त्याला रिमोटने जोडून घेते. प्रायला याचा उपयोग नाही.

खरं सांगायचं तर यावर वेळ घालवू नये. डिबग करायची एक स्पेक असते, ती --डीआरबीशिवाय चालवा. हा पर्याय डॉट-आरस्पेक फाइलमध्ये लिहून ठेवलेला असेल तर तिथून काढा. कमांडवरून तो काढल्याचा आपला समज असतो आणि फाइल गुपचूप परत घालत असते.

स्प्रिंग वेगळं काय करतो

स्प्रिंग २०१४ मध्ये रेल्स ४.१ बरोबर नव्या प्रकल्पांत आपोआप येऊ लागला आणि २०२१ च्या अखेरीस रेल्स ७ आल्यावर ती सोय बंद झाली. मधल्या सात वर्षांत सुरू झालेल्या पुष्कळ प्रकल्पांत तो अजून आहे.

स्पोर्कची चूक त्याने मुळातच टाळली. क्लायंट युनिक्स सॉकेटवरून आपले तिन्ही डिस्क्रिप्टर, म्हणजे आउटपुट, एरर आणि इनपुट, खरेखुरे पाठवतो. सर्व्हरच्या बाजूची अॅप प्रोसेस आपले तिन्ही प्रवाह त्यांवर पुन्हा उघडते आणि मग फोर्क काढते. त्यामुळे पोर वाचतं ते तुमच्याच खिडकीतून. साध्या परिस्थितीत स्प्रिंगखाली प्राय, बायबग आणि डिबग नावाचं डिबगर जेम, तिन्ही व्यवस्थित चालतात.

पण डिस्क्रिप्टर मिळाला म्हणजे टर्मिनल पूर्ण मिळालं असं नाही. युनिक्समध्ये पार्श्वभूमीतल्या प्रोसेस ग्रुपने आपल्या नियंत्रक टर्मिनलवरून वाचायचा प्रयत्न केला, तर कर्नल त्याला सिगटीटीइन पाठवून थांबवतो. शेलमध्ये एखादा प्रोग्रॅम अँपरसँड लावून सोडला आणि त्याने इनपुट मागितलं, की 'स्टॉप्ड' दिसतं ते यामुळेच. हा अडथळा टाळायला स्प्रिंगची अॅप प्रोसेस सुरुवातीलाच सेटसिड करून स्वतःचं वेगळं सेशन काढते. नियंत्रक टर्मिनलच उरत नाही, त्यामुळे जॉब कंट्रोलचे नियम लागू होत नाहीत आणि वाचन बिनतक्रार चालतं.

ही युक्ती चोख आहे, पण तिचे तीन परिणाम भोगावे लागतात, आणि 'स्प्रिंगमध्ये डिबगर विचित्र वागतो' या तक्रारींचा मोठा भाग यांतूनच येतो.

एक, कंट्रोल-सी. टर्मिनल हा सिग्नल फोरग्राउंडच्या प्रोसेस ग्रुपला देतं, म्हणजे क्लायंटला. पोराला तो थेट मिळत नाही. क्लायंट मुद्दाम पुढे पाठवतो. आणि प्रायच्या प्रॉम्प्टवर कंट्रोल-सीचा अर्थ 'चालू ओळ रद्द' इतकाच आहे. बाहेर पडायला एक्झिट-प्रोग्रॅम किंवा तीन उद्गारचिन्हं लागतात. बायबगमध्ये क्विटला उद्गारचिन्ह जोडलं की तो विचारत बसत नाही.

दोन, कंट्रोल-झेड. स्प्रिंगच्या जुन्या आवृत्त्यांत याने फक्त क्लायंट झोपतो. पोर वेगळ्या सेशनमध्ये असल्याने जागंच राहतं आणि वाचत राहतं. आता त्याच टर्मिनलवरून शेलही वाचतो आणि डिबगरही. एका ताटात दोघं जेवायला बसले आणि घास कोणाच्या तोंडात जाईल याचा नेम नाही, तशी गत. फोरग्राउंडची एफजी कमांड धड टाइप होईपर्यंत प्रयत्न करा, किंवा दुसऱ्या खिडकीतून स्प्रिंग स्टॉप करा. नव्या आवृत्त्यांत झोपणं आणि जागं होणं पोरापर्यंत पोचवलेलं आहे, तेव्हा स्प्रिंग अपडेट करणं हाच कायमचा इलाज.

तीन, डेव्ह/टीटीवाय. नियंत्रक टर्मिनल नसल्यामुळे ही फाइल उघडत नाही. प्राय लांब आउटपुट लेसमध्ये (मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या पेजरमध्ये) दाखवतो आणि लेसच्या काही आवृत्त्या कळा डेव्ह/टीटीवायवरून वाचतात. मोठा हॅश छापला की प्रॉम्प्ट गोठतो, लहान छापला की नाही, असं दिसलं तर प्रायच्या कॉन्फिगमध्ये पेजर बंद करून पाहा.

या सगळ्यांतून बाहेर पडल्यावर टाइप केलेलं दिसेनासं झालं, तर आंधळेपणाने एसटीटीवाय सेन (टर्मिनल पूर्ववत करणारी कमांड) लिहून एंटर दाबा.

ब्रेकपॉइंट लिहिला, पण तो भाग जुनाच चालतोय

इथे इनपुटचा संबंध नाही. पोराला मिळालेली मेमरी ब्रेकपॉइंट लिहिण्याआधीची असते. मॉडेल, कंट्रोलर अशा आपोआप लोड होणाऱ्या फाइली स्प्रिंग बदलानंतर पुन्हा लोड करून घेतो, पण त्यासाठी टेस्ट एन्व्हायर्न्मेंटमध्ये क्लास कॅश बंद असायला हवा: कॅश_क्लासेस फॉल्स, किंवा रेल्स ७.१ पासून एनेबल_रीलोडिंग ट्रू. जुन्या प्रकल्पांत टेस्टच्या कॉन्फिगमध्ये हे नेमकं उलट लिहिलेलं सापडतं.

लिब फोल्डरमधून सरळ रिक्वायर केलेली फाइल मात्र पुन्हा लोड होत नाही. इनिशियलायझर आणि जेमफाइल-लॉकवर स्प्रिंगची नजर असते. तुमच्या खास वायएमएल फाइलवर असेलच असं नाही. ती स्प्रिंगच्या कॉन्फिगमध्ये स्प्रिंग.वॉचला सांगावी लागते. जेमच्या आत शिरून ब्रेकपॉइंट लावला असेल तर सर्व्हर थांबवल्याशिवाय तो दिसणारच नाही. स्प्रिंग मुळात ठरावीक अंतराने फाइलींच्या वेळा तपासतो. लिसनवर (फाइल बदलल्याची बातमी देणाऱ्या लायब्ररीवर) चालणारं वेगळं जेम बसवून व्हर्च्युअल मशीनच्या शेअर्ड फोल्डरमध्ये काम करत असाल, तर बदलाची बातमी कधीकधी पोचतच नाही.

याच जातीचा आणखी एक सापळा आहे आणि त्यात शहाणी माणसंही अडकतात. कमांडच्या आधी एखादं एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल लावायचं, उदाहरणार्थ रूबी_डिबग_ओपन, आणि परिणाम शून्य. स्प्रिंग तुमची व्हेरिएबल पोरात भरतो हे खरं, पण लायब्ररीने आपलं कॉन्फिग लोड होतानाच वाचून ठेवलं असेल तर उशीर झालेला असतो. तेव्हा आधी स्टॉप, मग व्हेरिएबल लावून चालवा.

निम्मी अक्षरं गायब होतात

कंट्रोल-झेडचा प्रकार वर आलाच. बाकी दोन कारणं नेहमीची.

गार्ड, म्हणजे फाइल बदलली की टेस्ट आपोआप चालवणारं साधन. गार्डचा स्वतःचा प्रॉम्प्टही प्रायवरच चालतो. गार्डने टेस्ट सुरू केली, टेस्टमध्ये तुमचा प्राय उघडला, की एका टर्मिनलवर दोन वाचक. गार्ड -आय लावून त्याचा प्रॉम्प्ट बंद करा.

समांतर टेस्ट. रेल्स ६ पासून पॅरललाइझ लिहिलं की टेस्ट अनेक फोर्कमध्ये वाटल्या जातात. एकाच मेथडमधला ब्रेकपॉइंट तीन वर्करनी एकदम गाठला की तिन्ही तुमच्याच टर्मिनलवर येतात. रेल्स ७ मध्ये याला एक उंबरठा आला, मूळ किंमत ५०. त्याहून कमी टेस्ट असतील तर फोर्क निघतच नाहीत. म्हणूनच 'एकच फाइल चालवली तर डिबगर ठीक, सगळा संच चालवला की गोंधळ' असं होतं आणि संशय विनाकारण स्प्रिंगवर जातो. पॅरलल_वर्कर्स=१ लावून चालवा. डिबग या जेमने ही बाजू बरीच सांभाळली आहे. फोर्क झालेल्या प्रोसेस कन्सोलसाठी रांगेत थांबतात, आणि रूबी_डिबग_फोर्क_मोडला पॅरेंट किंवा चाइल्ड देऊन एकालाच पकडता येतं. रूबी ३.१ किंवा पुढे असाल तर डिबग रूबीबरोबरच येतं. फोर्क करणाऱ्या सर्व्हरखाली माझा कल त्याच्याकडे आहे, ते यासाठीच.

एकदा डिबगरमधून बाहेर पडल्यावर सगळ्या टेस्ट लटकतात

हा प्रकार सर्वांत फसवा, कारण डिबगर तेव्हा समोर कुठेच नसतो.

समजा, क्लायंटच्या प्रोसेसला तुम्ही बळजबरीने मारलं. क्लायंट गेला, पण वेगळ्या सेशनमधलं पोर प्रॉम्प्टवर तसंच बसून आहे. रेल्सची टेस्ट सहसा ट्रान्झॅक्शनच्या आत चालते आणि शेवटी रोलबॅक होतो. हे पोर शेवटापर्यंत पोचलंच नाही, म्हणून ट्रान्झॅक्शन उघडी, आणि तिने धरलेली कुलुपंही तशीच. पुढची टेस्ट त्याच ओळी बदलायला जाते, किंवा फिक्श्चर (टेस्टचा नमुना डेटा) भरण्याआधी टेबल रिकामं करायला जाते, आणि कुलूप उघडायची वाट पाहत बसते. एरर नाही, सीपीयू नाही, काही नाही.

पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_अॅक्टिव्हिटी हे व्ह्यू पाहा. टेस्ट डेटाबेसवर 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अशी ओळ असेल, तर तिचा मालक म्हणजे ते विसरलेलं पोर. टेस्ट डेटाबेस ड्रॉप करताना 'इतर वापरकर्ते जोडलेले आहेत' असं पोस्टग्रेस सांगतो, तेव्हाही आधी हेच शोधा. बिन/स्प्रिंग स्टॉप, मग पीएसच्या यादीत टेस्टच्या नावाने काही उरलं आहे का ते पाहा आणि उरलं असेल तर किल. डेटाबेस सर्व्हर रीस्टार्ट करायची गरज नसते. तो रीस्टार्ट केल्यावर सगळं चालू लागतं हे खरं, पण त्यातून भलताच निष्कर्ष निघतो.

टर्मिनलचा नाद सोडायचा असेल तर: रिमोट

मधला सर्व्हर, गार्ड, डॉकर असे दोन-तीन थर असतील, तर प्रत्येक थरातून इनपुट नेत बसण्यापेक्षा डिबगरला सॉकेटवर उघडणं सोपं. डिबग जेम ओपन मोडमध्ये लोड करा आणि दुसऱ्या खिडकीतून आरडीबीजी -ए (कॅपिटल ए) चालवा. पोर्ट दिला नाही तर ते युनिक्स सॉकेट वापरतं आणि सॉकेटच्या नावात प्रोसेस आयडी असतो, त्यामुळे दोन पोरं एकाच पत्त्यासाठी भांडत नाहीत. एकाहून जास्त असतील तर यादी दाखवून विचारतं. प्रायसाठी प्राय-रिमोट आहे, पोर्ट ९८७६. तिथे पोर्ट ठरलेला असल्याने दुसरं पोर त्याच ओळीवर पोचलं की 'पत्ता आधीच वापरात' हा एरर येतो.

जुन्या प्रकल्पात स्पोर्क आणि रिमोट डिबगिंग एकत्र वापरत असाल तर एक मजेशीर टक्कर होते. रूबी-डिबगचा मूळ रिमोट पोर्टही ८९८९, आणि नियंत्रणासाठी तो पुढचा, म्हणजे ८९९०, घेतो. बायबगने तोच ८९८९ पुढे चालवला. आरस्पेक आणि क्युकंबरचे स्पोर्क सर्व्हर नेमके याच दोन पोर्टांवर बसलेले. पोर्ट बदलून द्या, ९ हजाराच्या पुढचा कुठलाही रिकामा चालेल.

स्प्रिंग नसतानाही हेच होतंय

ब्राउझर चालवणारी टेस्ट असेल तर कॅपिबारा अॅपला वेगळ्या थ्रेडमध्ये चालवतो. कंट्रोलरमध्ये डिबगर थांबला तरी टेस्टचा थ्रेड पुढे चालू शकतो. घटक दिसायची वाट तो मुळात २ सेकंदच पाहतो आणि मग टेस्ट नापास होऊन प्रॉम्प्ट तुमच्या हातातून निसटतो. कधी नेट::रीडटाइमआउट येतो, त्याची मूळ मर्यादा ६० सेकंद. डिबग करण्यापुरता कॅपिबाराचा वेळ वाढवा, किंवा तो कोड रिक्वेस्ट टेस्टमधून गाठा.

डॉकर कंपोजमध्ये 'अप'ने सुरू केलेल्या कंटेनरला इनपुट जोडलेलं नसतं. सर्व्हिसच्या व्याख्येत एसटीडीइन_ओपन ट्रू आणि टीटीवाय ट्रू लिहा, मग डॉकर अटॅच करा. बाहेर पडताना कंट्रोल-पी, कंट्रोल-क्यू. कंट्रोल-सी दाबलंत तर कंटेनरच खाली जाईल. टेस्टसाठी त्यापेक्षा डॉकर कंपोज रन बरं, ते टर्मिनल स्वतःहून जोडतं.

स्प्रिंग ठेवावा की काढावा? २०१८ च्या रेल्स ५.२ पासून बूटस्नॅप (बूट वेगवान करणारं जेम) येतो आणि मध्यम आकाराच्या अॅपला तेवढा पुरतो. बूट दोन-तीन सेकंदांत होत असेल तर मी स्प्रिंग काढून टाकेन. अॅप अवाढव्य असेल तर ठेवा, आणि डिसेबल_स्प्रिंग=१ लावलेला एक छोटा शेल एलियास करून डिबग करताना तोच वापरा.

आणि कोडमध्ये विसरलेला बायबग सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) टेस्ट अडवेल या भरवशावर राहू नका. तिथे इनपुट नसलं की तो 'कंटिन्यू' समजून पुढे जातो आणि बिल्ड हिरवं येतं. रूबोकॉप या कोड तपासणाऱ्या साधनाचा लिंट/डिबगर हा नियम चालू ठेवा, तो मर्ज होण्याआधीच पकडतो.